घूमजाव, कलाटणी आणि 'व्होल्ट-फास': इंग्रजी वाक्यात नेमकं कुठे बसतं? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी मराठी लेखांचे इंग्रजी अनुवाद करते. बरीच वर्षं हे काम करूनही एका शब्दापाशी हल्ली हात थबकतो: 'व्होल्ट-फास'. अचानक पार उलट भूमिका घेणं, एवढा अर्थ ठाऊक आहे. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये इटालियनमधून. 'व्होल्तारे' म्हणजे वळणं, 'फाच्चा' म्हणजे चेहरा. म्हणजे सरळ सरळ 'तोंड फिरवणं'. पण अर्थ कळला म्हणून वाक्य जमतंच असं नाही, हे परवा कळलं.

एका अनुवादात मी तो तीनदा वापरला. संपादकांनी दोन ठिकाणी लाल रेघ मारली आणि तिसऱ्या ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं. अंक छपाईला जायचा होता, त्यामुळे कारण विचारायला सवड मिळाली नाही. ती वाक्यं अशी (मूळ मराठी आधी देते):

'एका रात्रीत त्याचं नशीब फिरलं.' माझा अनुवाद: 'हिज फॉर्च्यून व्होल्ट-फास्ड ओव्हरनाइट.'

'शेवटच्या षटकात सामन्याला कलाटणी मिळाली.' माझा अनुवाद: 'द मॅच टुक अ व्होल्ट-फास इन द लास्ट ओव्हर.'

'समितीने प्रस्तावाबाबत घूमजाव केलं.' माझा अनुवाद: 'द कमिटी डिड अ व्होल्ट-फास अबाउट द प्रपोजल.' प्रश्नचिन्ह इथे आहे.

तिन्हीकडे अचानक उलटापालट आहे, मग चुकलं कुठे? उच्चाराबद्दलही सांगा. मी इतके दिवस 'व्होल्ट-फेस' म्हणत आले. शब्दकोश सुचवू नका, दोन कोश उघडून झालेत. व्याख्या मिळते, पण वाक्यात कसं वागायचं ते कळत नाही.

प्रतिसाद १

उच्चार आधी. शेवट 'फास' किंवा 'फॅस', 'फेस' नाही. लिहिताना इंग्रजी 'फेस' दिसतो म्हणून फसायला होतं.

पहिल्या वाक्यात दोन चुका आहेत. एक, हा शब्द नाम आहे, त्याला क्रियापदासारखं चालवता येत नाही. 'डू', 'मेक' किंवा 'परफॉर्म' यांपैकी काहीतरी सोबत लागतं. दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे आणि तीच दुसऱ्या वाक्यातही आहे. व्होल्ट-फास करणाऱ्याला आधी काहीतरी मत असावं लागतं. नशिबाला मत नसतं, सामन्यालाही नसतं. मंत्री, पक्ष, समिती, साक्षीदार यांना असतं.

खरं तर तुमच्या कानाला हे माहीत आहे. तुमचीच मराठी वाक्यं पाहा: तिथे तुम्ही 'सामन्याने घूमजाव केलं' असं लिहिलं नाही, 'कलाटणी मिळाली' असं लिहिलंत. घूमजाव माणूस करतो, कलाटणी घटनेला मिळते. हाच भेद इंग्रजीत आहे, फक्त इंग्रजीकडे वळताना तुम्ही दोन्हींना एकाच खुंटीला टांगलंत. शंका आली की वाक्य मराठीत मनाशी म्हणून पाहा. 'घूमजाव' बसलं तर व्होल्ट-फास बसण्याची शक्यता बरीच. नाही बसलं तर मुळीच लिहू नका.

पहिल्याला: 'ही सफर्ड अ सडन रिव्हर्सल ऑफ फॉर्च्यून.' 'सफर्ड' मुद्दाम, कारण इथे नशीब वाईट बाजूला फिरलं असं मी धरलं आहे, चांगलं व्हायचं तर आपण सहसा ते 'उघडलं' किंवा 'फळफळलं' म्हणतो. नुसतं 'रिव्हर्सल ऑफ फॉर्च्यून' दोन्ही बाजूंनी चालतं, म्हणून क्रियापदाने दिशा दाखवावी लागते. दुसऱ्याला साधं 'द लास्ट ओव्हर टर्न्ड द मॅच अराउंड'.

तिसरं वाक्य बरोबर आहे, फक्त 'अबाउट'च्या जागी 'ऑन' किंवा 'ओव्हर' घाला. प्रश्नचिन्ह त्याचंच असणार.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक भर घालतो. सगळीकडे व्होल्ट-फासच कशाला? तो शब्द थोडा भारदस्त आहे, अग्रलेखात शोभतो. रोजच्या बातमीत 'यू-टर्न' सहज जातं. ब्रिटिश लेखनात 'अबाउट-टर्न' आणि अमेरिकन लेखनात 'अबाउट-फेस' असतं, दोन्ही कवायतीच्या हुकुमावरून आलेले. ('फेस'चा उच्चार इथे मात्र 'फेस'च.) अमेरिकेतलं 'फ्लिप-फ्लॉप' वेगळं: त्यात माणूस एकदा नाही, पुन्हा पुन्हा बाजू बदलतो असा टोमणा असतो. समिती एकदाच फिरली असेल तर ते लिहू नका.

'यू-टर्न' इंग्रजी राजकारणात किती मुरलेला आहे याचं मला आवडणारं उदाहरण १० ऑक्टोबर १९८० चं. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर ब्रायटनला पक्षाच्या परिषदेत बोलत होत्या. आर्थिक धोरण बदला असा दबाव होता. त्या म्हणाल्या, 'यू टर्न इफ यू वॉन्ट टू. द लेडीज नॉट फॉर टर्निंग.' 'तुम्ही वळा' आणि 'यू-टर्न' ही कोटी रोमन लिपीत स्पेलिंगमुळे डोळ्यांना लपते, कानालाच कळते. देवनागरीत लिहिली की समोरच दिसते!

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. घूमजाव आणि कलाटणी हा भेद मी रोज वापरते आणि अनुवाद करताना तोच विसरले, याचं वाईट वाटलं. तिन्ही वाक्यं सुधारून पाठवली आहेत.

आणखी दोन शंका. एका नाटकाच्या परीक्षणात 'कथेला मिळालेली कलाटणी' आहे, तिथे 'पेरिपेटिया' (ग्रीक नाटकांच्या चर्चेतला उलटापालटीचा शब्द) चालेल का? आणि एका आठवणीत वडील आधी मुलीच्या शिक्षणाला ठाम नकार देतात, मग तिची पत्रं वाचून स्वतः तिला सोडायला जातात. हे व्होल्ट-फास का?

प्रतिसाद १

नाटकाला 'पेरिपेटिया' चालेल, तो शब्द तिथलाच. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स' या ग्रंथात ईडिपस राजाच्या नाटकाचं उदाहरण दिलं आहे: निरोप्या त्याची भीती घालवायला येतो आणि त्याच्याच बोलण्यातून ईडिपस खरा कोण हे उघड होतं. हेतू एक, परिणाम नेमका उलटा. परीक्षणातल्या नाटकात असं काही घडत असेल तरच वापरा. नुसतं अनपेक्षित वळण असेल तर 'ट्विस्ट' पुरे.

वडिलांना मात्र व्होल्ट-फास लावू नका. त्या शब्दात, आपल्या घूमजावासारखाच, 'काल एक बोललास, आज दुसरं' असा ठपका असतो. ते पत्रं वाचून बदलले. मराठीत तुम्ही त्याला हृदयपरिवर्तनच म्हणाल, इंग्रजीत 'ही हॅड अ चेंज ऑफ हार्ट'. आणि जमलं तर तेही गाळा. नकार, मग पत्रं, मग सोडायला जाणं, एवढंच ओळीने लिहा.