मदत हवी आहे: हॅव कुठे लावायचं, कुठे नाही? उद्या अर्ज बंद

दारव्हा_२२: दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितो. अर्जातली माझी दोन इंग्रजी वाक्यं सरांनी खोडली, कावून ते नाही सांगतलं. मले तर बरोबर वाटते. हॅव नेमकं कुठे लावतात? लवकर सांगा, उद्या दुपारी अर्ज बंद होते.

पांढरं_सोनं: वाक्यं कुठं हायेत भाऊ? अन् अर्ज कायचा?

वणीकर: रोज इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचा. मी एसटीत दोन वर्षं वाचला, सारे काळ आपोआप बसले.

दारव्हा_२२: दोन वर्षं नाहीत न भाऊ, उद्यापर्यंत हाये. खताच्या कंपनीत फील्डवरची नोकरी हाये. वाक्यं घ्या:
आय हॅव पास्ड ट्वेल्थ इन २०२२.
आय ॲम वर्किंग इन कृषी केंद्र सिन्स टू इयर्स.
पहिल्यातला हॅव काढला अन् दुसऱ्यात घातला! एकच काहीतरी सांगा म्हणा.

निवृत्त_मास्तर: सरांचं दोन्हीकडे बरोबर आहे. २०२२ हे संपलेलं साल. इन २०२२, यस्टरडे, लास्ट इयर अशी संपलेली वेळ सांगितली की हॅव बसत नाही: आय पास्ड ट्वेल्थ इन २०२२. साल गाळलं तर 'आय हॅव पास्ड ट्वेल्थ' चालेल. आपली पोरं इथे अडकतात ती मराठीमुळे. 'बाबा कालच अकोल्याला गेले आहेत' हे मराठीत शुद्ध, इंग्रजीत मात्र काल आला की वेन्ट. दुसऱ्या वाक्यात उलटं होतं. 'दोन वर्षांपासून काम करतो' हा आपला साधा वर्तमानकाळ, पण काम मागे सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून इंग्रजीत आय हॅव बीन वर्किंग. टू इयर्स ही मुदत, तिला फॉर लावा. सिन्स काम सुरू झालं त्या वेळेला लागतं, जसं सिन्स जून.

अमरावतीवाला: मास्तर, हॅव बीन वर्किंग म्हणजे परफेक्ट कन्टिन्युअस. त्यानं साधा परफेक्ट विचारला, म्हणजे नुसतं हॅव अन् क्रियापदाचं तिसरं रूप, जसं हॅव पास्ड.

निवृत्त_मास्तर: मग आय हॅव वर्क्ड फॉर टू इयर्स लिहा. इथे दोन्ही चालतात, पोराला गोंधळात पाडू नका.

अमरावतीवाला: अमेरिकेत तर हॅव लावतच नाहीत. आय ऑलरेडी एट म्हणतात.

निवृत्त_मास्तर: ऑलरेडी, जस्ट यांच्यासोबत तिकडे साधा भूतकाळ चालतो, खरं आहे. पण 'इन २०२२'सोबत हॅव तिकडेही चालत नाही.

पांढरं_सोनं: कृषी केंद्रात हा तर सांगा, तुरीले फुलं लागली, शेंगअळीले काय फवारू?

दारव्हा_२२: आधी अळी किती हाये ते पाहा, फोटो टाका. अर्ज झाला की सांगतो. मास्तर, आणखी एक: ट्रेनिंगले दोन वेळा नागपूरले गेलो. आय हॅव गॉन टू नागपूर ट्वाइस?

निवृत्त_मास्तर: गॉन म्हणजे माणूस अजून तिकडेच. तुम्ही परत आलात न?

दारव्हा_२२: हो, दोन्ही वेळा संध्याकाळीच.

निवृत्त_मास्तर: मग बीन. आय हॅव बीन टू नागपूर ट्वाइस.

दारव्हा_२२: तिन्ही वाक्यं बदलली. आता फोटोची साइज कमी करतो, तो अपलोडच नाही होऊन राहिला.