१८६ विरुद्ध १: राज्यसभेतलं ते एकटं मत

बांधावरचा:
काल इथे एकाने टाकलं की शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी सहा वर्षं राज्यसभेत होते आणि लोकांच्या लक्षात राहिलं काय, तर महिला आरक्षणाविरुद्धचं मत. वर ऐंशी लाईक. डोकं सरकलं म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.
९ मार्च २०१०, लोकसभा-विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा राखून ठेवायच्या बिलावर मतदान. आदल्या दिवशी सभागृहात कागद फाडून झालेले, सात खासदार निलंबित, त्यांना बाहेर काढायला मार्शल आणावे लागले. बसपाने सभात्याग केला, तृणमूल मतदानालाच नाही. म्हणजे ज्यांना बिल नको होतं ते एकतर गोंधळ घालत होते नाहीतर दाराबाहेर. घटनादुरुस्ती असल्यामुळे मतविभाजन होतं, कोण कुठे ते नोंदलं जातं. तिथे बसून, कारण सांगून 'नाही' म्हणणारा माणूस एकच निघाला, जोशी. कारण काय, तर दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ बदलणार. मग निवडून आलेली बाई मतदारसंघ बांधेल कशाला, पुढच्या वेळी तो तिचा राहणारच नाही. आणि आधीचा पुरुष खासदारही हात झटकणार. याला बायकांना विरोध म्हणतात का? १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं कोणी? लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव फिरलं कोण?

मीनल_क:
चांदवड आलंच. कुठलाही वाद असो, चांदवड काढायचं.
दादा, कारण चोख होतं हे मान्य. पण 'पद्धत चुकीची आहे म्हणून आत्ता नको' हे बायकांनी १९९६ पासून ऐकलंय, पहिलं बिल तेव्हाच आलं होतं. परफेक्ट बिल कधीच येत नाही. आणि शौर्याचं म्हणाल तर जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षाचे राज्यसभेत ते एकटेच. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं हा पक्षाचा आदेश, काढणार कोण, तेच! दुसऱ्या पक्षाच्या खासदाराने व्हिप मोडला असता तर खासदारकी गेली असती. शिवाय त्यांना राज्यसभेवर पाठवलं शिवसेना-भाजपच्या आमदारांच्या मतांनी, आणि भाजपने त्या दिवशी बिलाच्या बाजूने मत दिलं. मग हे उत्तरदायी कोणाला होते? आमदारांना, शेतकऱ्यांना की स्वतःच्या तर्काला?

कपाशीवाला:
तुमचं आरक्षण चालू द्या, मला एक सांगा कोणी. सहा वर्षं दिल्लीत बसून कापसाच्या भावाचं काय झालं? आमच्याकडे त्याच काळात रोज पेपरात आत्महत्येची बातमी राहायची. अन् साहेब काय करून ऱ्हायले होते, तर पक्ष नोंदणीच्या कायद्यातून 'समाजवाद' शब्द काढा म्हणून खाजगी विधेयक, मंत्री नसलेला खासदार मांडते ते. कुठं पऱ्हाटी अन् कुठं समाजवाद.

बांधावरचा:
भाऊ, एकटा खासदार भाव ठरवतो का? खाजगी विधेयकाला शुक्रवारी दुपारचे अडीच तास, तेव्हा निम्मे बाक रिकामे, मंडळी विमानतळाच्या वाटेवर. आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झालीत, शेवटचं १९७० साली. तरी मांडायचं, कारण ते रेकॉर्डवर राहतं. आणि समाजवादाची शपथ घेतल्याशिवाय पक्षच नोंदवता येत नाही, तर जो शेतकरी म्हणतो की सरकारने माझ्या मालात हात घालू नये त्याने खोटी शपथ घ्यायची का? पऱ्हाटीचाच प्रश्न आहे तो.

कपाशीवाला:
रेकॉर्डवर राहते म्हणे. आमचं कर्जबी रेकॉर्डवरच हाय.

मीनल_क:
😀 हे मात्र बरोबर बोललात.

बांधावरचा:
हसा. पण मी दिल्लीचं नाही, घरचं सांगतो. आमच्या गावात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली तेव्हा मी तहसीलला हजर होतो. प्लास्टिकची बरणी, त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या, आणि चौथीतलं एक पोरगं, त्याला शर्टाची बाही कोपरापर्यंत वर करायला लावली, हातात काही लपवलं नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. चिठ्ठी निघाली, सर्वसाधारण महिला. माझी आई उभी राहिली, आली निवडून. पाच वर्षांत दोन वर्षं कामकाज समजण्यात गेली, मग पाण्याच्या टाकीच्या मागे लागली, एसटीने जिल्हा परिषदेत जाऊन बसायची, इंजिनिअर नसला की डबा खाऊन परत. टाकीचे खांब उभे राहिले आणि मुदत संपली. पुढच्या सोडतीत पद दुसऱ्या प्रवर्गाला. नव्या माणसाने फाईल उघडून पाहिली नाही. हेच जोशी सांगत होते की नाही?

मीनल_क:
अहो पण त्या चिठ्ठीशिवाय तुमच्या आई उभ्या राहिल्या असत्या का? खरं सांगा.

जुना_कार्यकर्ता:
राहिल्या असत्या का नाही हे त्यांना विचारा, ताई. आम्ही संघटनेत असताना नुसत्या बायकांची पॅनेलं उभी केली, कुठली चिठ्ठी नव्हती. जळगाव जिल्ह्यात विटनेरला सगळी ग्रामपंचायत बायकांची आली होती. पुण्यात बसून फॉर्म्युले सांगायला काय जातं.

मीनल_क:
पुणे काढू नका. माझं सासर सोलापूर जिल्ह्यातलं आहे आणि माझ्या सासूबाई सरपंच होत्या. पहिल्या वर्षी खुर्चीत सासरे, सह्या सासूबाईंच्या. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी सासऱ्यांनी धरली तर ग्रामसेवक गप्प. दुसऱ्या वर्षी सासूबाई सकाळी आठलाच जाऊन खुर्चीत बसल्या, उठल्याच नाहीत, सासरे दारात उभे. घरी आठ दिवस अबोला. हे सगळं चिठ्ठीमुळे झालं. एक विटनेर सांगता, आज महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा आरक्षणाने बायकांच्या आहेत. स्वतःहून दिल्या का कोणी?

बांधावरचा:
आठ दिवस अबोला, हे आवडलं.
ठीक आहे, चिठ्ठीशिवाय आई उभी राहिली नसती. झालं समाधान? अण्णांनीच, म्हणजे वडिलांनीच, राहू दिलं नसतं. पण मग तुम्हीही एक कबूल करा. २०२३ च्या महिला आरक्षण कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत, मतदारसंघ फेररचनेनंतरच फिरतात. म्हणजे एकट्या म्हाताऱ्याचा आक्षेप कुठेतरी बरोबर होता.

मीनल_क:
अर्धा बरोबर. आणि त्याच कायद्यात आधी जनगणना, मग फेररचना, मग आरक्षण अशी रांग लावलीय. तेव्हा राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. ताटात कधी पडणार हे विचारलं बऱ्याच जणांनी, पण विरोधात मत एकाचंही नाही. तिथे एक जोशी हवे होते, एवढं म्हणते. त्या २०१० च्या मताबद्दल राग आहे तो आहेच.

कपाशीवाला:
कापसाचं राहूनच गेलं.

जुना_कार्यकर्ता:
ते वेगळ्या धाग्यात घ्या, भाऊ.

मीनल_क:
बांधावरचे दादा, त्या टाकीचं पुढे काय झालं?

बांधावरचा:
खांब आहेत अजून. यंदा परत महिला राखीव निघालंय, त्यामुळे खांबाला फ्लेक्स लागलाय. 'भावी सरपंच' म्हणून वहिनींचा पासपोर्ट साइज फोटो, आणि मिस्टर गॉगल लावून पूर्ण उभे.