जिप्सी किंग: ५५-६० ला पुढची चाकं थरथरतात, आधी किंगपिन की आधी लिफ्ट?

कुंभार्ली_घाट

नमस्कार मंडळी. गाडी १९९९ ची जिप्सी किंग, १.३ कार्बोरेटर, हार्डटॉप. पासिंग पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने करून घेतलं आहे, म्हणजे गाडी ठेवायचीच आहे. तक्रारी तीन:

१) ५५-६० च्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टीअरिंग जोरात थरथरायला लागतं. वेग ३०च्या खाली आणेपर्यंत थांबत नाही.

२) डाव्या पुढच्या चाकामागच्या गोळ्यातून काळपट, पातळ ओघळ येतो. टायरच्या आतल्या बाजूला डाग पडतात.

३) उतारावर फोर-लो मध्ये (फोर-व्हीलचा हळू, ताकदीचा गिअर) अॅक्सिलरेटर सोडला की ट्रान्स्फर केसचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) दांडा न्यूट्रलला निसटतो.

व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झालं आहे, नवा स्टीअरिंग डँपरही (स्टीअरिंगचे झटके शोषणारा) टाकला. डँपरने थोडे दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. पुढे लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चासीला जोडणारी पट्टी) टाकून दोन इंच उंची आणि २३५/७५ आर १५ टायर असा विचार आहे. घरी हायड्रॉलिक जॅक, दोन घोड्या (स्टँड), गोटी (सॉकेट) सेट आणि टॉर्क रेंच आहे, प्रेस नाही. काम कुठून सुरू करावं? आणि यातलं घरी किती होईल?

गोटी_पाना

टायर आणि शॅकल सध्या बाजूला ठेवा. तुम्ही सांगितलेली थरथर म्हणजे नव्वद टक्के किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर डावं-उजवं वळतं ती) बेअरिंग. डँपर ती दाबून ठेवतो, मूळ दुखणं तसंच राहतं, आणि त्या झटक्यांनी डँपरही लवकर मरतो.

आधी खात्री करून घ्या. पुढचा एक्सल घोडीवर घ्या, चाक वर-खाली (बारा आणि सहाच्या जागी) धरून हलवा. प्ले जाणवला की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. मग चाक आडवं (तीन आणि नऊच्या जागी) धरून हलवा, तिथे ढिलाई असेल तर टायरॉड एंड बघा. शेवटी गाडी जमिनीवर उतरवा, एकाने स्टीअरिंग भराभर डावं-उजवं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून ड्रॅग लिंक, टायरॉड, स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि पाट्यांचे बुश यांवर एकेक करून हात ठेवायचा. ढिला जोड बोटांना लगेच कळतो.

किंगपिनचं काम घरी होतं, प्रेस लागत नाही. एका बाजूला वर एक, खाली एक अशी दोन, दोन्ही बाजू मिळून चार टेपर बेअरिंग. सोबत नकलच्या (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) मागचा सील सेट (फेल्ट, रबर आणि रिंग) दोन्ही बाजूंचा, आणि एक्सल हाउसिंगमधलं आतलं ऑईल सील दोन्ही बाजूंचं आणा. तो काळा पातळ ओघळ म्हणजे डिफरन्शियलचं ऑईल आतलं सील ओलांडून नकलमधल्या ग्रीसमध्ये मिसळतंय. नुसतं बाहेरचं सील बदललं तर ओघळ थांबेल, पण ग्रीस धुऊन जाणं चालूच राहील आणि नवी किंगपिन बेअरिंगही कोरडी पडतील.

क्रम असा. सुटं करण्याआधी डिफरन्शियलचं ऑईल काढा, नाहीतर शाफ्ट ओढला की सगळं अंगावर. चाक, कॅलिपर (तारेने पाट्याला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका), फ्री व्हील हब, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप, लॉक वायसर, बेअरिंग नट, मग डिस्कसकट हब, मग स्पिंडल. त्यानंतर शाफ्ट जॉइंटसकट सरळ बाहेर येतो. बेअरिंग नटसाठी चार दातांची गोटी लागते. छिन्नी-हातोडीने तो नट फिरवू नका, खाचा गेल्या की पुढे बरोबर ताण देताच येत नाही.

टायरॉड एंड सोडवताना काट्याने रबर फाटतं. नट दोन-चार आटे ढिला ठेवून, आर्मच्या ज्या डोळ्यात टेपर बसतो त्याच्या बाजूवर एका हातोडीने टेका देऊन दुसरीने ठोका द्या, टेपर सुटतो.

आता नकलच्या मागची सील रिंग सोडवा आणि वरचा-खालचा किंगपिन काढा. प्रत्येक किंगपिनवर डावा-उजवा, वर-खाली अशी खूण करा आणि त्याखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) त्याच्याचबरोबर तारेत ओवून ठेवा. नकल सोडताना खाली हात ठेवा, बेअरिंग पडतं. जुन्या कपवर (बेअरिंगची बाहेरची रिंग) रोलरचे खळगे उमटलेले दिसतील, चाक सरळ असतं त्याच जागी. स्टीअरिंग मध्यावर अडकल्यासारखं वाटतं आणि थरथरही तिथूनच सुरू होते, ती या खळग्यांमुळे.

जुने कप आतून पितळी ड्रिफ्टने आलटून पालटून ठोकून काढा. नवे बसवताना जुन्या कपचा बाहेरचा घेर ग्राइंडरवर किंचित उतरवून तोच ठोकायला वापरा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, खणखणीत येतो.

यापुढचं माप बहुतेक वर्कशॉपमध्ये घेतलंच जात नाही, आणि सगळं काम त्याच्यावरच उभं आहे. बेअरिंगला ग्रीस लावून नकल चढवा, किंगपिनचे बोल्ट २० ते ३० न्यूटन मीटरवर आवळा. मागचं सील अजून बसवायचं नाही, टायरॉडही जोडायचा नाही. टायरॉड एंडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून आर्मच्या काटकोनात ओढा. नकल हलायला लागते तेव्हा काटा १.० ते १.८ किलो दाखवायला हवा. कमी भरलं तर शिम कमी करा, जास्त भरलं तर शिम वाढवा. बाजारातला मासे तोलायचा साधा काटाही चालतो, फक्त आधी एक लिटर पाण्याची बाटली टांगून तपासून घ्या.

शुद्ध_ग्रीस

वरच्यात भर. आतलं सील फुटण्याचं कारण बऱ्याचदा ब्रीदर असतो. एक्सल हाउसिंगवरचा तो छोटा ब्रीदर चिखलाने बुजला की तापलेल्या हवेला वाट राहत नाही, आतला दाब वाढतो आणि ऑईल सीलमधून बाहेर पडतं. नवं सील टाकूनही महिन्याभरात ओघळ आला तर दोष सीलचा नाही. दोन्ही एक्सलचे ब्रीदर काढून रॉकेलने धुवा आणि तोंडाने फुंकून बघा. ओढ्यातून गाडी घालणार असाल तर ब्रीदरला ऑईल सहन करणारी रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंचावर न्या. गरम एक्सल एकदम गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरवाटे पाणी आत ओढलं जातं, हे कोकणात पावसाळ्यात सारखं होतं. मागच्या ड्रममध्ये ऑईल उतरून लायनर भिजतात तेही याच कारणाने.

ऑईल भरताना पुढच्या डिफरन्शियलला २ लिटर, मागच्याला १.५ लिटर, जीएल-५ दर्जाचं (गिअर ऑईलची प्रतवारी). गिअरबॉक्सला १.३ आणि ट्रान्स्फरला ०.८ लिटर, तिथे जीएल-४. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ नको, त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंग खातात.

जुनं ऑईल दुधाळ निघालं तर पाणी गेलेलं आहे. नवं भरून थोडं चालवा, पुन्हा काढा आणि मगच कायमचं भरा.

लो_गिअर

दांडा निसटण्याबद्दल. ट्रान्स्फर केस उघडायची घाई नको. जिप्सीत ती गिअरबॉक्सला जोडलेली नसते, वेगळी असते. तीन रबरी माउंटवर चासीला टांगलेली, मध्ये छोटा प्रॉपेलर शाफ्ट. रबर मेलं की जोर पडल्यावर संपूर्ण केस पिळते आणि दांडा जागचा हलतो. चाकांना ओट (अडवायला दगड किंवा ठोकळा) लावा, फोर-लो टाका, इंजिन चालू ठेवून क्लच अलगद सोडा-दाबा आणि दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा. केस ठळकपणे वर-खाली होत असेल तर तिन्ही माउंट एकदम बदला. एकच बदलला तर सगळा भार त्याच्यावर येतो. माउंटच्या कानांना वेल्डिंगजवळ तडे आहेत का तेही त्याच वेळी बघा.

माउंट ठीक असतील तर पुढचा संशय शिफ्टर शाफ्टच्या गोळी-स्प्रिंगवर. स्प्रिंग थकलेली असते. यानंतरही निसटत असेल तरच फोर्क आणि गिअरचे दात झिजलेत असं समजा, आणि तेव्हा केस खाली उतरवायची.

कोरड्या डांबरावर फोर-व्हील कधीच नको. मध्ये डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो पीळ गिअरमध्ये अडकून राहतो. दांडा निघत नाही म्हणून लोक लाथ मारतात, ती वेळ येते याच कारणाने.

कमानपाटा

आता लिफ्ट. पुढच्या पाट्याचा शॅकल बंपरच्या बाजूला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चासीपासून खाली जातं, एक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. कंपनीचा कॅस्टर साडेतीन अंश आहे. तो घटला की स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि थरथर परत येते, किंगपिन नवे असले तरी. शिवाय शॅकल दोन इंच वाढवला तर गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागीच असतं.

कॅस्टर परत आणायला पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये पाचर घालतात. जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. दोन-तीन अंशांपलीकडे जाऊ नका, कारण तितकंच पुढच्या डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि शाफ्टच्या क्रॉसवर कोन वाढतो. पाचर घातल्यावर सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पुरेसं उतरतंय याची खात्री करा. नाहीतर एक्सल पाट्यावरून सरकेल.

त्यापेक्षा जास्त कमानीचा पूर्ण पाट्यांचा सेट घ्या, चारही बुश नवे. जुने पाटे भट्टीत तापवून कमान देणारे असतात, पण तापवलेल्या पोलादाला पुन्हा नीट पाणी दिलं नाही तर सहा महिन्यांत पाटा बसतो किंवा तुटतो. आणि बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत लोंबकळताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

टायरचा हिशोब. मूळ २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिमी. २३५/७५ चा ७३३ मिमी, म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असेल, आणि १.३ च्या इंजिनाला प्रत्येक गिअर तेवढाच जड जाईल. कुंभार्ली चढताना तिसरा टिकणार नाही. २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३ मिमी, फरक पाच टक्के. लाल चिखलात अरुंद टायर तळापर्यंत कापत जातो, त्यामुळे तुमच्या भागात रुंदीचा फार फायदाही नाही. माझं मत २१५. दोन्हींच्या बाबतीत आरटीओ आणि विमा कंपनीचं काय म्हणणं आहे ते आधी विचारून घ्या, कंपनीच्या मापाबाहेरचा बदल पासिंगला अडू शकतो.

उंची वाढवल्यावर चाकं पूर्ण लोंबकळवून ब्रेकच्या होज ताणल्या जात नाहीत ना ते बघा, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून. मागे एक्सलला जोडलेला एलएसपीव्ही (मागच्या भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची दांडीही नव्या उंचीला जुळवावी लागते. नाहीतर त्याला गाडी कायम रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

कुंभार्ली_घाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रेक दाबूनही प्ले राहतो, दोन्ही बाजूंना. म्हणजे किंगपिनच. ट्रान्स्फरच्या मागच्या माउंटचं रबर लोखंडापासून सुटलेलं निघालं, तिन्ही मागवलेत. ब्रीदर दोन्ही बुजलेले होते.

बेअरिंग बसवली. उजवीकडे जुन्याच शिमवर काटा १.४ किलो दाखवतो. डावीकडे मात्र २.६. सील लावलेलं नाही. शिम वाढवून १.५ वर आणू का?

गोटी_पाना

थांबा, शिम अजून वाढवू नका. दोन्हीकडे नवी बेअरिंग, जुन्याच शिम, आणि फरक एवढा, याचा अर्थ डावीकडचा एखादा कप तळाला टेकलेला नाही, किंवा खाली जुनी घाण अडकली आहे. कप उंच राहिला की ताण जास्त दिसतो. आता शिम घालून माप जुळवलं तर रस्त्यावरच्या धक्क्यांनी कप आपोआप खाली बसेल आणि प्ले पुन्हा तयार होईल.

नकल परत उतरवा. कपच्या मागे सर्वांत बारीक फीलर गेज शिरते का ते आतून चारी बाजूंनी बघा. शिरली तर कप बाहेर काढा, बैठक रॉकेलने आणि पॉलिश पेपरने साफ करा, कडेला उठलेला धातू असेल तर खरवडा, आणि कप पुन्हा ठोका. किंगपिनच्या फ्लॅंजखालीही गंजाचा पापुद्रा नको. मग मोजा. यानंतरही १.८ च्या वर असेल तर खुशाल एक पातळ शिम वाढवा.

माप जुळलं की सील चढवा, टायरॉड जोडा, जॉइंट ग्रीसने गच्च भरा आणि नकलच्या पोकळीत साधारण दोन-तृतीयांश. टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) घरीच मोजता येतं. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूने खूण करा, हबच्या उंचीला पुढून टेपने माप घ्या, गाडी ढकलून खुणा मागे त्याच उंचीला आणा आणि पुन्हा मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा २ ते ६ मिमी कमी हवं. पाचशे किलोमीटरनंतर किंगपिनचे बोल्ट आणि यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, लिफ्टचं काम त्यानंतर काढा.