असईच्या शिवारात सापडलेला म्हणे हायलँडरांचा बिल्ला: घ्यावा का?

भोकरदनचा_मास्तर
नमस्कार मंडळी. असई आमच्याच तालुक्यात. तिकडच्या एका ओळखीच्या माणसाकडे टोपीला लावायचा जुना बिल्ला आलाय. मोठा तारा, मधोमध बिगुल, बिगुलाच्या पोटात एचएलआय अशी एकमेकांत गुंफलेली अक्षरं, वर मुकुट, खालच्या पट्टीवर इंग्रजीत असईचं नाव आणि त्याच्याखाली हत्ती. नांगरटीत निघाला म्हणतो, १८०३ च्या लढाईत पडलेल्या गोऱ्या शिपायाचा. आठ हजार सांगितलेत. मी शाळेवर इतिहास शिकवतो, पोरांच्या हातात द्यायला अशी वस्तू मिळाली तर सोनंच. हाताला जड लागतो. पाठ सपाट आहे, बारीक खड्डे आहेत, मागे दोन कड्या आहेत. रविवारपर्यंत सांगतो म्हणालोय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

जालना_नाणी
सर, पाठीचा फोटो टाका. आणि तोवर चिंच, लिंबू, ब्रासो काही लावू नका. जुनेपणा एकदा घासून गेला की परत येत नाही.

प्रेसशॉपवाले_काका
मास्तर, आधी पैसे देऊ नका. मग निवांत बोलू.

माझी सगळी नोकरी वाळूजला प्रेस शॉपमध्ये गेली, डाय फिटर म्हणून. डाय म्हणजे पत्रा कापायचा, दाबायचा पोलादी ठसा. स्कॉटिश पलटणींचे बिल्ले जमवायचा नाद मला असईपायीच लागला. आपल्या जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव ग्लासगोची पलटण कपाळावर मिरवायची, हे कळल्यावर मला राहवलंच नाही.

काळाचा निकाल बिल्ल्यावरच लिहिलेला आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात लढाई झाली, तेव्हा इंग्रज सेनापती वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या, पलटणी होत्या. ७४ वी असई गावाच्या तोंडावर शिंद्यांच्या तोफांपुढे सापडली आणि पार कापली गेली. कंपनी सरकारनं पुढं या पलटणींना मानाचं जादा निशाण दिलं. हत्ती आणि असईचं नाव त्या लढाईचं. पण हायलँड लाइट इन्फन्ट्री, म्हणजे तुमची एचएलआय, झाली १८८१ ला, ७१ वी आणि ७४ वी एकत्र करून. हत्ती ७४ वीचा. बिगुल ही लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे चपळ पायदळाची, खूण, ती आली ७१ वीकडून, आणि ७१ वीसुद्धा लाइट इन्फन्ट्री झाली १८०९ मध्ये. म्हणजे लढाईच्या दिवशी हा बिगुल आणि हा हत्ती एका बिल्ल्यावर असणं शक्यच नाही. १९५९ ला एचएलआय आणि रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स एकत्र करून रॉयल हायलँड फ्युजिलियर्स ही नवी पलटण झाली. तेव्हा अस्सल असला तरी तो १८८१ ते १९५९ मधलाच. नांगराची गोष्ट सोडून द्या.

आता तो अस्सल तरी आहे का? त्यासाठी पाठ बघायची. पुढची बाजू सगळेच सजवतात. शिपायांचे बिल्ले पत्र्यातून डायखाली दाबून काढलेले असत. समोर जिथं हत्तीचं पोट वर आलेलं, तिथं मागं तेवढाच खळगा पाहिजे. पाठ सपाट आणि खड्डेदार म्हणजे बहुतेक साच्यात ओतलेला माल. जड लागतो म्हणालात, ते त्याच्याशी जुळतंय.

तेवढ्यावर थांबू नका. सोनाराचं दहापट भिंग आणा आणि ताऱ्याच्या किरणांची कड उजेडात आडवी धरा. प्रेसमध्ये कापलेल्या कडेला दोन पट्टे दिसतात: वरचा गुळगुळीत, चमकदार, जिथं पंच, म्हणजे पत्रा कापणारा ठोकळा, घासून गेला, खालचा खरबरीत, जिथं पत्रा तुटला. आम्ही डायला धार लावायची वेळ झाली का, हे त्या पट्ट्यांवरूनच ओळखायचो. ओतलेल्या वस्तूला ते नसतात. तिथं साच्याची सांध असते आणि ती कानशीनं घालवलेली असते, कानशीचे तिरके ओरखडे भिंगात लगेच सापडतात. मग हत्तीच्या पायांमधली जागा, सोंडेवरच्या रेघा, बिगुलाची दोरी पाहा. अस्सलमध्ये उंचवटे झिजतात, खोलगट भाग धारदार राहतो. नकलेत सगळंच सारखं बोथट, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं. कुठं अस्सल नमुना मिळाला तर व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं, दोन्ही मोजा. अस्सलवरून साचा करून ओतलेला बिल्ला थोडा लहान भरतो, कारण धातू थंड होताना आकसतो. पितळेत हे दीड टक्क्याच्या आसपास जातं.

मुकुटावरून साल काढायची रीत पुष्कळ जण सांगतील. टोकाकडं वर चढलेल्या कमानींचा मुकुट १९०१ नंतरच्या राजांचा, मधे दबलेल्या कमानींचा १९५३ नंतर राणी एलिझाबेथचा. बाकी पलटणींना ती चालते, पण एचएलआयच्या अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावरचा मुकुट स्टार ऑफ इंडिया या मानाच्या किताबाच्या हारातला होता. म्हणून या पलटणीत नुसत्या मुकुटावर सौदा करू नये. मागं गाँट लंडन असा बिल्ले बनवणाऱ्या कंपनीचा ठसा असला तरी हुरळून जाऊ नका, ठसा कुणालाही मारता येतो.

वकील_बीड
काकांशी सहमत. कायद्याचं एक सांगतो. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. विकणारा खरं बोलत असेल तर त्याचं त्यालाच अवघड आहे. शिवाय शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, ती खाजगी माणसाला परदेशी विकायला पाठवता येत नाही.

भोकरदनचा_मास्तर
काका, आज भिंग घेऊन गेलो होतो. कडेला कानस स्पष्ट दिसली. चमकदार पट्टा कुठंच नाही. हत्तीचे मागचे दोन पाय तर एकच झालेत. नको म्हणून सांगितलं. त्याच्याच डब्यात दुसरा एक निघाला: सांबराचं नुसतं डोकं, फाटे फुटलेली शिंगं, खाली पट्टीवर काहीतरी लिहिलेलं. हा मागून पोकळ आहे, उभी पट्टी आहे, वजनाला हलका. याचे सहाशे म्हणतो. पोरांसाठी हा घेऊ का?

प्रेसशॉपवाले_काका
हा सीफोर्थ हायलँडर्सचा दिसतोय. पट्टीवर राजाच्या मदतीला धावा अशा अर्थाचं गेलिक वाक्य असतं. मास्तर, हीच १८८१ ला ७२ वी आणि ७८ वी मिळून झालेली पलटण! असईची दुसरी हायलँडर पलटण ती ७८ वीच. यांचा हत्ती कॉलरच्या बिल्ल्यावर असायचा, टोपीवर हे डोकं. तुमच्या वर्गाला यातून असई नीट शिकवता येईल.

पोकळ पाठ आणि हलकं वजन ही चांगली लक्षणं, पण डायवरून नव्यानं ठोकलेले बिल्लेही असेच दिसतात. शिंगांच्या फाट्यांमधल्या फटी आरपार मोकळ्या आहेत का, त्यांच्या आतल्या कडा कशा आहेत, आणि मागची पट्टी जिथं जोडली तिथलं झाळण जुनं आहे की शिशाचा ताजा गोळा, हे बघा. घासायचं नाही. बाजूनं तिरका उजेड टाकून पाठीचे दोन फोटो काढा आणि इथं टाका, मी रात्री बघून सांगतो. तोवर सहाशे खिशातच राहू द्या.