करारावर सही प्राचार्यांची, कॅमेऱ्यासमोर उभा सीएचबीवाला

खडूची धूळ (धागा काढणारे) :

काल इथे 'व्यवहारी' यांचा लेख आला. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शिकवण्यात तंत्रज्ञान आणणं एकट्या कॉलेजच्या कुवतीबाहेरचं आहे, त्यासाठी एखादी कंपनी किंवा मोठी संस्था सोबतीला हवी, आणि हे घडत नाही याचं एकमेव कारण म्हणजे आमच्यासारखे आडमुठे प्राध्यापक. तिथेच प्रतिसाद लिहायला बसलो होतो, पण तो इतका वाढला की म्हटलं वेगळा धागाच काढू.

पहिल्या दोन मुद्द्यांवर भांडण नाही. तिसऱ्यावर आहे, आणि कडकडीत आहे.

आमच्याकडे 'भागीदारी' कशी होते ते ऐका. नॅक (कॉलेजचं मूल्यांकन) जवळ आलं की आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, कपाटातून सामंजस्य करारांची फाइल बाहेर निघते. तिसऱ्या निकषात कार्यरत करार दाखवायचे असतात. मग संस्थेतल्या कुणाच्या तरी ओळखीने एक कंपनी येते. सेमिनार हॉलमध्ये बॅनर, शाल, नारळ, सही. फोटो जिओटॅगचाच लागतो. पहिल्या फोटोत अक्षांश-रेखांश उमटले नाहीत म्हणून प्राचार्य आणि कंपनीचा माणूस पुन्हा हातात हात घेऊन हसत उभे राहतात. करारात काय लिहिलंय हे शिकवणाऱ्या एकाही माणसाने पाहिलेलं नसतं. पुढच्या आठवड्यात नोटीस: सर्वांनी आपापल्या विषयाचे व्हिडिओ व पीपीटी प्लॅटफॉर्मवर चढवावेत. पहिलं वर्ष फुकट. दुसऱ्या वर्षी बिल येतं, संस्था भरत नाही, लॉगिन बंद. चढवलेलं सगळं आतच.

फुकट देणाऱ्याला मी दोष देत नाही. गुगलनेही शिक्षणसंस्थांना आधी अमर्याद साठवण दिली आणि २०२१ मध्ये अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा जाहीर केली. त्यांचा माल, त्यांचा भाव. पण 'उद्या आम्ही निघालो तर आमचं सामान कोणत्या स्वरूपात परत देणार' हा प्रश्न सहीच्या आधी विचारावा लागतो. तो सुचतो शिकवणाऱ्याला, आणि त्यालाच बैठकीला बोलावलेलं नसतं.

बरं, भागीदारी आपल्याला जमतच नाही असंही नाही. आयआयटी मुंबईचा दहा हजार शिक्षकांचा कार्यक्रम आठवा, फाटक सरांचा, २०१० च्या आसपासचा. आधी केंद्रांच्या समन्वयक शिक्षकांना पवईला बोलावून तयार करायचे, मग मुख्य कार्यशाळा देशभरच्या केंद्रांवर एकदम. ए-व्ह्यू या व्हिडिओ सॉफ्टवेअरवर आवाज तुटायचा, चित्र गोठायचं, पण आपल्या केंद्रातून प्रश्न विचारला की पवईतून उत्तर यायचं. केंद्र आमच्यातलाच एक जण चालवायचा, म्हणून ते चाललं.

व्यवहारी :

लेख माझा, तेव्हा हजर आहे.

शिक्षकाला बोलावत नाहीत म्हणता? आमच्याकडे बोलावलं होतं. आले तिघं, त्यातल्या एकाने विचारलं, 'याचे कॅसला (म्हणजे पदोन्नतीला) गुण किती?' बाकी दोघं चहा घेऊन गेले.

कंपनी नको म्हणता ना, मग मूडल घ्या, ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर. २००२ पासून आहे, फुकट आहे, कुणी बिल पाठवत नाही. किती कॉलेजांत जिवंत आहे? फुकटचं मूडल म्हणजे दारात बांधलेला हत्ती. सर्व्हर कोण बघणार, बॅकअप कोण घेणार, अंतर्गत परीक्षेच्या आदल्या रात्री बंद पडलं तर उठणार कोण? प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होऊन जमाना झाला, भरती नाही. म्हणून बाहेरचा भागीदार लागतो. हौस म्हणून नाही.

लाखोंचे इंटरॅक्टिव्ह पॅनेल घेतले. एका महोदयांनी त्यावर मार्करने लिहिलं. साध्या मार्करनेही नाही, पर्मनंटने. आता सांगा आडमुठेपणा म्हणजे काय.

खडूची धूळ :

त्या महोदयांना पॅनेल वापरायचं प्रशिक्षण कोणी दिलं होतं? खरेदीत प्रशिक्षण धरलं होतं का? की कार्यालय अधीक्षकांच्या कपाटात किल्ली आणि पॅनेलवर प्लास्टिकचं कव्हर, नॅकची तपासणी टीम येईपर्यंत?

व्यवहारी :

प्रशिक्षण झालं. हजेरीपत्रक दाखवू?

खडूची धूळ :

हजेरीपत्रकं आमच्याकडेही आहेत. न झालेल्या कार्यक्रमांचीसुद्धा.

मांडवीकाठ :

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे २०२० मध्ये उच्च शिक्षण संचालनालयाने 'दिष्टावो' सुरू केलं. गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे, गोव्यातल्याच कॉलेजांच्या शिक्षकांनी शिकवलेले भाग, सोबत लिखित मजकूर, आणि सगळं यूट्यूबवर खुलं. लॉगिन नाही, बिल नाही. मडगावच्या पोराला म्हापशाच्या बाईंचं व्याख्यान ऐकायला मिळालं. भागीदार कोण, तर शेजारचं कॉलेज. तुमच्याकडे एका तालुक्यातली दोन कॉलेजं एकत्र येऊन पंधरा व्हिडिओ करू शकत नाहीत, आणि भागीदार शोधायला बंगळुरूला जाता.

व्यवहारी :

गोव्यात राज्याचं सरकारी विद्यापीठ एकच. आमच्या एका जिल्ह्यात तुमच्या राज्याहून जास्त कॉलेजं असतील. आणि शेजारचं कॉलेज म्हणजे प्रवेशाच्या वेळचा शत्रू. जूनमध्ये एकमेकांची पोरं पळवायची आणि जुलैत व्हिडिओ वाटून घ्यायचे? कल्पना गोड आहे.

मांडवीकाठ :

लहान असण्याचा एवढा हेवा पहिल्यांदाच पाहिला.

टीवायचा पोरगा :

सगळ्या सरांचा आदर ठेवून. एनपीटीईएल (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) चांगलं आहे असं सगळे सर सांगतात, पण आमच्या वर्गात असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर येतात, शेवटच्या दिवशी रात्री सगळे चढवतात. पंचवीस गुण तिथेच सुटतात. पण पंचाहत्तर गुणांची परीक्षा केंद्रावर बसून द्यावी लागते, तिथे टेलिग्राम चालत नाही, म्हणून निम्मी पोरं फॉर्मच भरत नाहीत. फी हजार रुपये आणि वर गाडीभाडं. मेंटर म्हणून ज्यांचं नाव आहे ते सर आम्हाला एकदाही भेटले नाहीत. तरी मी एक कोर्स पूर्ण केला आणि त्यात जे समजलं ते वर्गात समजलं नव्हतं. राग मानू नये.

उतारवय :

मी १९८४ सालचा प्राध्यापक. त्या वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू झाला. पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रात आम्हाला बोलावत. स्क्रिप्ट लिहून न्यावी लागे, निर्माता ती तीनदा परत करी, मग चित्रीकरण. वीस मिनिटांच्या भागासाठी महिना जाई. शिक्षक आणि निर्माता समोरासमोर बसून भांडत, त्यातून काहीतरी बघण्यासारखं निघे. आता मोबाइल स्टूलावर ठेवतात आणि पीपीटी वाचून दाखवतात.

सर्व्हर डाऊन :

आजोबा, ते कार्यक्रम दुपारी लागायचे, इंग्रजीत असायचे, आणि आमच्या गावात दुपारी लाइट नसायची. फार बघण्यासारखं असेलही.

तासिका तत्त्व :

तुम्ही सगळे पर्मनंट लोक फार छान भांडताय. आता माझं ऐका.

मी एका विनाअनुदानित विभागात सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे शिकवलेल्या तासाप्रमाणे पैसे) होते. कॉलेजने एका कंपनीशी करार केला (नाव घेत नाही, दोघांचंही). विभागात पूर्णवेळ दोघं. त्यांनी सांगितलं, 'मॅडम, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कॅमेऱ्याची सवय आहे.' सगळा पेपर मी रेकॉर्ड केला. बाजूच्या खोलीत बीए प्रथम वर्षाचा गोंधळ, म्हणून कॉलेज सुटल्यावर, पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. त्याचे तास धरले नाहीत. तासिकेचे पैसे वर्गात उभं राहिल्याचे मिळतात, रेकॉर्डिंगचे नाहीत. पुढच्या वर्षी वर्कलोड कमी झाला म्हणून मला बोलावलं नाही. व्हिडिओ मात्र आहेत. माझी एक विद्यार्थिनी फोन करून म्हणाली, 'मॅडम, तुम्ही परत आलात का? वर्गात तुमचं लेक्चर लावलंय.'

आता करा भागीदारीवर चर्चा.

खडूची धूळ :

वाचून गप्प झालो. धाग्याचा विषय तुम्हीच नेमका मांडलात.

व्यवहारी :

वाईट झालं, पण हा तंत्रज्ञानाचा दोष नाही, नेमणुकांचा आहे. उगाच दोन्ही एकत्र करू नका.

तासिका तत्त्व :

एकत्र मी केलं की तुमच्या प्लॅटफॉर्मने? यूजीसीने २०१६ मध्ये स्वयंमधून (सरकारी ऑनलाइन कोर्स, एनपीटीईएलचेही त्यातच) २० टक्के अभ्यासक्रम घ्यायची मुभा दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्के केली. कागदावर उत्तम. त्या टक्क्यांतला तास कोणाचा जातो? पर्मनंट माणसाचा वर्कलोड आधी भरतात. उरलं तर आम्ही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि आयजी कोण हे दर जूनमध्ये मुलाखतीला रांगेत उभं राहिलं की कळतं.

साक्षीपुरावा :

वकिली करते, म्हणून या बाईंसाठी लिहिते. 'व्हिडिओ कॉलेजचेच' हे गृहीत धरू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७(सी): नोकरीच्या ओघात, सेवेच्या करारावर केलेल्या कामाचा पहिला मालक नियोक्ता, तेही उलट करार नसेल तर. तासाच्या हिशेबावर, तासाबाहेर, पैसे न देता करून घेतलेलं काम 'नोकरीच्या ओघात' झालं का, हा वादाचा मुद्दा आहे आणि तुमच्या बाजूने मांडता येतो. हक्क हस्तांतरित केला म्हणायचं तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि तुमच्या सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात.

आणखी एक. कलम २(क्यूक्यू) मध्ये कलाकार कोण याची यादी आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, आणि त्याच रांगेत 'व्याख्यान देणारी व्यक्ती'. म्हणजे कलाकाराचे हक्क शिक्षकालाही आहेत. लेखी संमती देऊन बसला असाल तर मात्र हात बांधले जातात.

सर्व्हर डाऊन :

गारुडी आणि प्राध्यापक एकाच कलमात! संसदेला आधीच माहीत होतं.

उतारवय :

गारुड्याला निदान जागच्या जागी पैसे मिळतात.

व्यवहारी :

वकीलबाई, रेकॉर्डिंगचा निर्माता कोण? कॅमेरा कॉलेजचा, प्लॅटफॉर्म कंपनीचा. चित्रफितीचा मालक निर्माता असतो, हेही त्याच कायद्यात आहे. अर्धंच सांगू नका.

साक्षीपुरावा :

बरोबर, चित्रफितीचा कर्ता निर्माता. पण त्या चित्रफितीत बाईंनी लिहिलेला मजकूर आहे आणि त्यांचं सादरीकरण आहे, ते वेगळे हक्क आहेत. आणि कॅमेरा कॉलेजचा होता का? बाई?

तासिका तत्त्व :

माझा मोबाइल. स्टँडही मीच आणला होता.

साक्षीपुरावा :

मग निर्माता कोण यावरच मला बरंच बोलता येईल.

व्यवहारी :

ठीक. मान्य. पुढच्या कराराच्या मसुद्यात शिक्षकाचं कलम घालायला सांगतो: रेकॉर्डिंगचे तास धरायचे, माणूस गेला की व्हिडिओ त्याच्या लेखी परवानगीशिवाय लावायचा नाही. संस्थाचालक सही करतील का ते मला विचारू नका. आणि हे कलम घातल्यावर एकही सीएचबी शिक्षक रेकॉर्डिंगला बोलावला जाणार नाही, त्याचंही श्रेय आपण सगळ्यांनी वाटून घेऊ.

तासिका तत्त्व :

म्हणजे फुकट करा, नाहीतर घरी बसा. एवढ्या लवकर खरं बोललात, आभार.

खडूची धूळ :

व्यवहारी, कलमात आणखी एक ओळ घाला: करार संपल्यावर सगळा मजकूर उघडता येईल अशा स्वरूपात तीस दिवसांत परत. आणि मसुद्यावर विभागप्रमुखाची सही.

व्यवहारी :

विभागप्रमुख वाचणार आहेत का सही करण्याआधी?

खडूची धूळ :

आमच्यातले अर्धे वाचणार नाहीत. घाला तरी.

टीवायचा पोरगा :

मध्येच विचारतो, सॉरी. त्या कोर्सचे क्रेडिट माझ्या एबीसीत (क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) दिसत नाहीयेत. आयक्यूएसीत गेलो, त्यांनी परीक्षा विभागाकडे पाठवलं.

सर्व्हर डाऊन :

मग परीक्षा विभागात जा.

टीवायचा पोरगा :

गेलो होतो. ते म्हणाले, स्वयंचा करार आयक्यूएसीने केलाय, तिकडे विचारा.

व्यवहारी :

कोणतं कॉलेज?