मीनाकारीच्या जुन्या डब्यांचे मूल्यांकन : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मावशीने हौसेने जमवलेल्या वस्तूंपैकी मीनाकारीच्या तीन छोट्या शोभेच्या डब्या आता माझ्याकडे आल्या आहेत. त्या विकायच्या नाहीत. मात्र त्यांचा विमा उतरवायचा असल्याने मूल्यांकनकाराकडे जाण्याआधी आपल्या हातात नेमके काय आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. मावशी तिन्ही डब्यांना ‘बॅटरसी’ म्हणायची, आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते. लंडनमधील थेम्सकाठच्या बॅटरसी येथील यॉर्क हाउसचा मीनाकारीचा कारखाना १७५३ ते १७५६ अशी जेमतेम तीन वर्षे चालला. तरीही अठराव्या शतकातील सरसकट सर्व इंग्रजी डब्यांना तेच नाव चिकटले. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक डब्या बर्मिंगहॅम, बिल्स्टन आणि आसपासच्या गावांत तयार झाल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने त्यांच्या नकलाही केल्या.

तिसऱ्या डबीचा उलगडा मला झाला आहे असे वाटते. ती मोराच्या आकाराची, ओतीव आणि जड असून तिच्यावर काचखडे बसवलेले आहेत व झाकण चुंबकाने मिटते. तिचा धातू जस्ताच्या मिश्रधातूसारखा दिसतो. खरी मीनाकारी म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच, आणि त्यासाठी भट्टी साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. जस्त मात्र ४२० अंशांच्या आसपासच वितळते. त्यामुळे तिच्यावरचा रंग राळेसारख्या पदार्थाचा थंड लेप असणार. दुसरीच्या आत ‘हॅल्सियन डेज’ या इंग्रजी कंपनीचे नाव स्पष्ट छापलेले आहे, म्हणजे ती १९७० नंतर या कलेचे पुनरुज्जीवन झाले तेव्हाची असावी.

खरा प्रश्न पहिलीचा आहे. ती लंबगोल असून झाकणावर निळ्या काठात गुलाबांचा गुच्छ आहे आणि झाकणाच्या आत डाग पडलेला छोटा आरसा आहे. त्यावरून ती चेहऱ्यावर लावायचे कृत्रिम तीळ ठेवण्याची डबी असावी. दहापट भिंगाखाली गुलाबाच्या रंगाखालून बारीक समांतर रेघा दिसतात. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून कागदावर घेतलेला छाप मीनेवर उतरवायचा आणि मग कुंचल्याने रंग भरायचे, ही त्या काळची पद्धत मला ठाऊक आहे. पण तेवढ्यावरून डबीचा काळ ठरवता येतो का? खालच्या कडेला एक कपचा उडून तांबे उघडे पडले आहे आणि तिथून केसासारखी एक चीर वर गेली आहे. मूल्यांकनापूर्वी हे दुरुस्त करून घ्यावे का?

प्रतिसाद :

आपण निरीक्षण फार काळजीपूर्वक केले आहे. तिसऱ्या डबीविषयीचा आपला तर्क मला पटतो. पहिलीविषयी सांगायचे तर केवळ छापाच्या रेघांवरून काळ ठरवू नये, कारण तंत्राची नक्कल करता येते. झिजेची नक्कल करणे त्याहून अवघड असते. डबी ज्यावर टेकते तो तळाचा काठ आणि झाकण उघडताना अंगठा जिथे टेकतो तिथला, डबीच्या तोंडाभोवती बसवलेल्या धातूच्या पट्टीचा मुलामा भिंगाखाली पाहा. हाताळणी होते तिथेच झीज असेल तर ती विश्वासार्ह, सगळीकडे सारखीच असेल तर शंका घ्यावी. बिजागरी आणि पट्टी मूळची आहे की नंतर बदललेली, यालाही डबीच्या किमतीत मोठे वजन असते.

दुरुस्ती मात्र कृपया आत्ता करू नका. जुनी डबी पुन्हा भट्टीत घालणे धोक्याचे असल्यामुळे कपचा राळेनेच भरतात; राळ कालांतराने पिवळी पडते आणि मूल्यांकनकाराला हवा असलेला पुरावाही तिच्याखाली झाकला जातो. याआधी कोणी अशी भर घातली असेल तर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ती जागा अनेकदा वेगळी चमकून उठते. डबी पाण्याने धुऊही नका, कारण चिरेतून ओल आत शिरली की तांबे गंजते आणि मीना उचलली जाते. मऊ, कोरडा कुंचला पुरेसा आहे.

मूल्यांकनकाराला हेतू आधीच स्पष्ट सांगा. विम्यासाठी तशीच डबी पुन्हा विकत घेण्याचा खर्च धरतात आणि तो लिलावात मिळणाऱ्या किमतीपेक्षा बहुधा जास्त असतो. ‘बॅटरसी’ हे नाव मात्र अहवालात पुराव्याशिवाय लिहू देऊ नका. आपण बिजागरी, तळ आणि कपच्याची कड यांची जवळून घेतलेली छायाचित्रे इथे दिलीत, तर पट्टी मूळची आहे का याबद्दल मला अधिक नेमके सांगता येईल.