एक कॉम्प्युटर, दोन ओएस: घड्याळासाठी वाकायचं कुणी?

उद्यमनगर_फिटर: ड्रॉइंगला विंडोज, बाकी कामाला लिनक्स, अशा मशीनवर विंडोजमधून लिनक्समध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढं दिसतं. लोक लगेच मदरबोर्डचा सेल बदलतात. सेलचा इथं संबंधच नाही. विंडोज आरटीसीत, म्हणजे मदरबोर्डवरच्या सेलवर चालणाऱ्या घड्याळात, भारतीय वेळ लिहितं. लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) समजून वर ५:३० मिळवतं. माझं मत, लिनक्सनंच जुळवून घ्यावं, टर्मिनलमध्ये ही कमांड देऊन: ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं न्यायची पद्धत आपल्याकडं नाही, मग स्थानिक वेळ ठेवायला हरकत काय?

राजारामपुरी_रूट: हरकत आहे भावा. ही सेटिंग लावल्यावर टाइमडेटसीटीएल स्वतःच इशारा दाखवतं, तो उगाच नाही. शिवाय ती कमांड देताना सिस्टिमची वेळ चुकलेली असेल, तर तीच चूक आरटीसीत उतरते. विंडोजला यूटीसी शिकवा. रेजएडिट (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं साधन) ॲडमिन म्हणून उघडा. एचकेएलएम (एचकी लोकल मशीन), सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन असं आत जा. तिथं ‘रियलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाचा नवा डीवर्ड (आकड्याची नोंद) करून किंमत १ द्या. मग शटडाउन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हायची विंडोजची सोय) चालू असताना शटडाउननं विंडोज पूर्ण बंद होत नाही. लिनक्सला ‘सेट-लोकल-आरटीसी ०’ हवं. दोन्हीकडं बदल केलात तर चूक उलटी होईल, लिनक्स साडेपाच तास मागं पडेल.

उद्यमनगर_फिटर: कंपनीच्या पीसीवर ॲडमिन पासवर्ड कोण देतंय? तिथं माझाच उपाय चालतो.

राजारामपुरी_रूट: तिथं मान्य. स्वतःच्या मशीनवर मात्र नाही.

मंगळवार_पेठ: आधी फरक मोजा, मग भांडा. ‘टाइमडेटसीटीएल’ नुसतं चालवा. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ आहे का, ‘सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’ पुढं ‘येस’ आहे का, बघा. ‘नो’ असेल तर ‘सेट-एनटीपी ट्रू’ द्या, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणं चालू होतं. तरीही ‘नो’च राहिलं तर नेटवर्कवर यूडीपी १२३ पोर्ट अडवलाय का ते तपासा, वेळ तिथूनच येते. फरक ५:३० चा नसून लाइट गेल्यावर तारीखच काही वर्षं मागं जात असेल, तर मात्र सेलच गेलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. बहुतेक डेस्कटॉपला तोच लागतो. आणि घड्याळ मागं असताना अपडेट मारू नका, रिलीज फाइल (सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअर यादीची तारखेसह नोंद) अजून वैध नाही म्हणत एपीटी (उबुंटूसारख्या लिनक्समधलं अपडेट उतरवणारं साधन) अडून बसतं आणि लोक विनाकारण सर्व्हर बदलत बसतात.